व्हॅलोरंट, टॅली आणि नवा पीसी: एका घरातली विंडोज-लिनक्स निवड

नाशिकच्या माझ्या भाच्याने २०२५च्या दिवाळीनंतर गेमिंगसाठी नवा पीसी असेंबल केला. सुटे भाग निवडायला त्याला माझी फारशी गरज पडली नाही. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम अशी त्याची यादी तयार होती आणि ती बरोबर होती. अडलं ते ऑपरेटिंग सिस्टिमवर. तो कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू (लिनक्स या खुल्या, फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचा एक प्रकार) वापरतो, आणि त्याला विंडोज नकोच होती. दाजींना, म्हणजे त्याच्या वडिलांना, वेळ पडली तर त्यावर टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, उघडता यायला हवी होती. दुकानदार म्हणत होता, “विंडोज आम्ही टाकून देतो, त्याचे पैसे नाहीत.” ताईचं म्हणणं एवढंच, की ज्या मशीनवरून घरचं बँकेचं काम होणार त्यात भलतंसलतं काही नको.

चौघांचंही बोलणं आपापल्या जागी रास्त होतं. दुकानदाराचा सल्ला मी मानला नाही, पण दहापैकी नऊ ग्राहक तेच मागतात हेही खरं आहे.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवण्याचं कारण असं, की हा प्रश्न आत्ता खूप घरांत आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. नवीन पीसीवर ती टाकण्यात अर्थ उरला नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० (चाव्या जपणारी सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूटची (मशीन सुरू होताना फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी) सोय लागते, जी नव्या मदरबोर्डवर असतेच. आणि दुसऱ्या बाजूला लिनक्सवर गेम चालणं ही आता हौशी लोकांची खटपट राहिलेली नाही. पीसी गेमचं ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमच्या ऑक्टोबर २०२५च्या पाहणीत लिनक्सचा वाटा पहिल्यांदाच ३ टक्क्यांच्या वर गेला. म्हणजे निवड खरोखर आहे. मात्र ती “कोणती सिस्टिम चांगली” या वादाने होत नाही, हे मला मनापासून सांगायचं आहे. कुठले गेम खेळायचे आणि त्या मशीनसमोर आणखी कोण बसणार, या दोन गोष्टी कागदावर आल्या की निवड जवळजवळ आपोआप होते.

आधी गेमची यादी

भाच्याला मी फोनवर म्हटलं, “तू सिस्टिमचं नाव सांगू नकोस, गेमची नावं सांग. आत्ता खेळतोस ते, मित्रांबरोबर खेळतोस ते, आणि पुढच्या वर्षभरात घ्यायचे आहेत ते.” त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेली यादी अशी होती: व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५, सायबरपंक २०७७, एल्डन रिंग, ईए स्पोर्ट्स एफसी, आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये काढलेला राजी.

एका नजरेत ही यादी दोन भागांत फुटते. सायबरपंक, एल्डन रिंग, राजी आणि जीटीएची स्टोरी हे प्रोटॉनवर चालतात. प्रोटॉन ही व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८मध्ये स्टीममध्ये आणलेली सोय आहे. तिच्या मुळाशी वाइन नावाचं सॉफ्टवेअर आहे, जे विंडोजच्या प्रोग्रॅमची मागणी लिनक्सच्या भाषेत पोचवतं. त्यावर डीएक्सव्हीके आणि व्हीकेडी३डी-प्रोटॉन असे दोन थर बसतात. गेम डायरेक्टएक्समध्ये (विंडोजच्या चित्रभाषेत) जे चित्र मागतो ते हे थर व्हल्कनमध्ये (लिनक्सवरही चालणाऱ्या तशाच भाषेत) बदलून ग्राफिक्स कार्डाकडे देतात. डीएक्सव्हीके जुन्या डायरेक्टएक्ससाठी, ११पर्यंत. दुसरा थर डायरेक्टएक्स १२साठी. गेम खेळणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. स्टीममध्ये इन्स्टॉलचं बटण दाबायचं, बस. काउंटर-स्ट्राइक २ला तर प्रोटॉनही लागत नाही, तो मुळातच लिनक्ससाठी निघतो.

उरले व्हॅलोरंट, एफसी आणि जीटीए ऑनलाइन. हे तिन्ही लिनक्सवर चालत नाहीत. कार्ड महाग घेऊन किंवा सेटिंग बदलून चालतील असंही नाही.

“पण मामा, प्रोटॉनवर एवढे गेम चालतात, मग व्हॅलोरंटच का नाही?” हा त्याचा प्रश्न होता, आणि पूर्ण प्रकरणाचा निकाल याच्या उत्तरात आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

अँटी-चीट: खरा अडसर

व्हॅलोरंट या ऑनलाइन नेमबाजीच्या गेमबरोबर व्हॅनगार्ड नावाचं अँटी-चीट, म्हणजे खेळातली फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर, येतं. त्याचा एक भाग विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, ड्रायव्हर म्हणून बसतो आणि गेम उघडायच्या आधीच, मशीन सुरू होतानाच, जागा होतो. चीट करणारं सॉफ्टवेअरही कर्नलमध्ये शिरून लपतं, त्यामुळे पहारा तिथेच, आणि त्याच्या आधी, बसवायचा अशी ही रचना आहे. विंडोज ११वर व्हॅनगार्ड टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू असल्याशिवाय गेम सुरूच होऊ देत नाही.

आता वाइन किंवा प्रोटॉन काय करू शकतं? साध्या प्रोग्रॅमची मागणी ते भाषांतरित करतं. कर्नलचा ड्रायव्हर मात्र विंडोजच्या कर्नलच्या पोटातच चालायला लिहिलेला असतो आणि लिनक्समध्ये तो कर्नलच नसतो. त्यातून लिनक्सचा कर्नल कुणीही बदलून स्वतः बनवून घेऊ शकतो. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हे मोठं स्वातंत्र्य आहे. ज्याला वापरणाऱ्यावरच नजर ठेवायची आहे त्या अँटी-चीटला त्या कर्नलवर विश्वास ठेवता येत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज टाकून खेळायची पळवाटही व्हॅनगार्ड चालू देत नाही.

सगळे अँटी-चीट असे नाहीत. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनी २०२१मध्ये प्रोटॉनसाठी दार उघडलं, पण कुलपाची किल्ली गेम बनवणाऱ्याच्या हातात ठेवली. एल्डन रिंगच्या कंपनीने ती फिरवली, म्हणून तो ईझी अँटी-चीट असूनही लिनक्सवर ऑनलाइनसकट चालतो. रॉकस्टारने सप्टेंबर २०२४मध्ये जीटीए ऑनलाइनला बॅटलआय लावलं आणि किल्ली फिरवली नाही. तेव्हापासून लिनक्सवर फक्त स्टोरी उरली. एपेक्स लेजेंड्स तर आधी लिनक्सवर चालत होता. ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस ईएने तो तिथे बंद केला, कारण लिनक्सच्या वाटेने चीट येतात असं त्यांचं म्हणणं. लीग ऑफ लेजेंड्समध्येही मे २०२४मध्ये व्हॅनगार्ड आलं आणि लिनक्सवर वाइनने खेळणाऱ्यांचा गेम गेला.

यातून एक गोष्ट मी भाच्याला स्पष्ट सांगितली. एकट्याने खेळायचा गेम आज लिनक्सवर चालत असेल तर तो उद्याही चालेल असं धरून चालता येतं. ऑनलाइन स्पर्धेच्या गेमचं तसं नाही. कंपनीच्या एका अपडेटने तो बंद पडू शकतो आणि त्यावर तक्रार करायला जागा नसते. म्हणून यादीत चारसहा मित्रांचा रोजचा गेम असेल आणि तो व्हॅलोरंटसारखा असेल, तर विंडोज लागणारच. त्याच्या मित्रांचा ग्रुप शाळेपासूनचा आहे, दोघं पुण्यात, एक ठाण्यात, आणि रात्री ते याच गेमवर भेटतात. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत असल्याने नाशिकहून पिंगही (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) चांगला येतो. मुलाला “तो गेम सोड, सिस्टिम जास्त चांगली आहे” असं सांगणारा सल्ला मला सल्ला वाटत नाही. सिस्टिम माणसांसाठी घ्यायची असते.

“मग स्टीमओएस टाकू का डायरेक्ट? स्टीम डेकवर तर सगळं चालतं,” असं त्याने एकदा विचारून पाहिलं. स्टीमओएस आर्च लिनक्सवर बांधलेली आहे, फेब्रुवारी २०२२मध्ये आलेल्या स्टीम डेक या व्हॉल्व्हच्या हातात धरायच्या गेमिंग पीसीसाठी ती बनली, आणि व्हॅलोरंट तिथेही चालत नाही. शिवाय आमचा निर्णय चालू होता तेव्हा व्हॉल्व्ह ती कुठल्याही घरगुती डेस्कटॉपसाठी रीतसर देत नव्हती. तो विषय तिथेच संपला.

“विंडोज आम्ही टाकून देतो”

विंडोज घ्यायची ठरल्यावर पैशांचा प्रश्न आला. विंडोज ११ होमचं अधिकृत किरकोळ लायसन्स दहा हजारांच्या वर जातं. दाजींना हा आकडा पटेना, आणि त्यांचं म्हणणं मी समजू शकतो. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव असे चढले होते, की बजेट आधीच फाटलं होतं. तेवढ्याच पैशांत एक चांगली एसएसडी आली असती.

फुकट विंडोज म्हणजे दुकानात काय होतं, ते मी त्यांना सविस्तर सांगितलं. विंडोज टाकल्यावर ॲक्टिव्हेट करायला एक छोटा प्रोग्रॅम चालवला जातो. तो चालवण्याआधी बहुतेक वेळा विंडोजचं स्वतःचं अँटीव्हायरस बंद करावं लागतं, आणि त्याला ॲडमिनचे पूर्ण अधिकार द्यावे लागतात. तो प्रोग्रॅम कुणी लिहिला, त्यात आणखी काय आहे, हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. ज्या मशीनवर टॅलीचा डेटा आणि ताईचं नेटबँकिंग येणार त्याचं पहिलंच पाऊल हे असावं का? “दाजी, तुम्ही दुकानाच्या गल्ल्याची किल्ली अनोळखी माणसाला देऊन, त्याने आत काय केलं ते न बघता परत घ्याल का?” असं मी विचारलं, तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण मग त्यांनी पुढचा प्रश्न किमतीचा न विचारता लायसन्सच्या प्रकाराचा विचारला.

तो प्रश्न महत्त्वाचा आहे. ओईएम लायसन्स, म्हणजे पीसी बनवणाऱ्यांसाठीचं, स्वस्त पडतं, पण ते त्या मदरबोर्डशी बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की ते गेलं. किरकोळ लायसन्स दुसऱ्या मशीनवर नेता येतं. असेंबल केलेल्या पीसीत बोर्ड जळणं, अपग्रेड होणं या नेहमीच्या गोष्टी आहेत, त्यामुळे मी किरकोळ लायसन्सच्या बाजूने होतो. इंटरनेटवर काही शे रुपयांत मिळणाऱ्या ‘की’ बहुतेक वेळा मोठ्या कंपन्यांच्या ठोक लायसन्समधून बाहेर काढलेल्या असतात किंवा मूळ कुठून आल्या ते कळत नाही. आज चालतात, पुढे बंद होऊ शकतात. त्या मी कुणालाच सुचवत नाही.

पैशांची तंगी असेल तर एक सरळ वाट आहे, जी लोकांना माहीत नसते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ उतरवून घ्यायची आणि की न टाकता बसवायची. ती चालते, अपडेट येतात, गेम चालतात. कोपऱ्यात ॲक्टिव्हेट करा अशी ओळ राहते आणि वॉलपेपर, रंग वगैरे बदलता येत नाहीत. हे कायमचं उत्तर नाही, लायसन्सच्या अटींनुसार शेवटी की घ्यायलाच हवी. पण खर्च थोडे दिवस पुढे ढकलायला क्रॅकपेक्षा ही वाट शंभर पटींनी स्वच्छ आहे. आम्ही तेच केलं: मशीन उभं राहिलं तेव्हा की नव्हती, पुढच्या महिन्यात दाजींनी किरकोळ लायसन्स घेतलं.

कार्ड निवडताना पुढचा विचार

विंडोज ठरली तरी भाच्याची लिनक्सची इच्छा खरी होती आणि त्याच्या शिक्षणाशी जोडलेली होती. म्हणून सुटे भाग असे घ्यायचे ठरवले, की पुढे लिनक्स टाकताना काही अडू नये. याचा मोठा परिणाम ग्राफिक्स कार्डावर झाला.

त्याच्या मनात एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० होतं, कारण डीएलएसएस, म्हणजे एआयने चित्र मोठं करून वेग वाढवणारी त्यांची सोय. मी त्याला एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटीच्या १६ जीबी आवृत्तीकडे वळवलं. एक कारण ५०६०वरची ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आता अपुरी पडू लागली आहे, हे. दुसरं, एएमडीचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो आणि वरचा भाग, मेसा, वितरणाबरोबर (लिनक्सच्या तयार आवृत्तीबरोबर) येतो. वेगळं काही टाकावं लागत नाही. एनव्हिडियाची लिनक्सवरची स्थिती गेल्या दोन-तीन वर्षांत खूप सुधारली आहे. २०२२मध्ये त्यांनी कर्नलचा भाग खुला केला, २०२४मध्ये वेलँडवर, म्हणजे लिनक्सच्या नव्या डिस्प्ले व्यवस्थेवर, पडदा लुकलुकणं थांबवणारी सुधारणा आली. तरी डायरेक्टएक्स १२चे गेम प्रोटॉनवर खेळताना एनव्हिडिया कार्ड विंडोजच्या तुलनेत जास्त मागे पडतं, एएमडी कमी. ज्याला फक्त विंडोज वापरायची आहे त्याने हा मुद्दा सोडून द्यावा आणि किमतीवर, डीएलएसएसवर निर्णय घ्यावा.

एएमडीलाही लिनक्सवर एक कमतरता आहे, ती सांगितली पाहिजे. एचडीएमआय २.१चा पूर्ण वेग त्यांच्या खुल्या ड्रायव्हरमध्ये येऊ शकला नाही, कारण एचडीएमआय फोरमने त्याला परवानगी नाकारली. मोठ्या टीव्हीला ४के आणि १२० हर्ट्झवर जोडायचं असेल तर हे बोचतं. भाच्याचा मॉनिटर १४४०पीचा आणि डिस्प्लेपोर्टवर आहे, त्याला फरक पडला नाही.

मदरबोर्ड दोन एम.२ जागा (एसएसडी बसवायच्या खाचा) असलेला घेतला. दुसरी जागा तेव्हा रिकामी ठेवली.

बसवताना अडलेल्या जागा

पहिल्यांदा मशीन चालू केलं तेव्हा पडदा बराच वेळ काळाच राहिला आणि भाच्याचा घाबरा आवाज फोनवर आला. एएम५ बोर्ड (या रायझनच्या सॉकेटचे) पहिल्या वेळी रॅम ट्रेन करतात, म्हणजे तिच्याशी वेग जुळवून घेतात, त्याला काही मिनिटं लागू शकतात. “बंद करू नकोस, थांब,” एवढंच सांगायचं होतं.

मग बायोस, म्हणजे मदरबोर्डची स्वतःची सेटिंग. टीपीएम चालू होतं. सिक्युअर बूटच्या ओळीपुढे ‘एनेबल्ड’ लिहिलेलं होतं, पण खाली स्थिती ‘नॉट ॲक्टिव्ह’ दाखवत होती. बऱ्याच बोर्डांवर असं होतं. सिक्युअर बूटच्या मूळ चाव्या भरलेल्या नसतात. त्या ‘डिफॉल्ट की’ या पर्यायाने भरून पुन्हा सुरू केलं की खरंखुरं चालू होतं. विंडोजमध्ये गेल्यावर सिस्टिम इन्फॉर्मेशनच्या खिडकीत ‘सिक्युअर बूट स्टेट: ऑन’ दिसलं पाहिजे, तोवर विश्वास ठेवू नये. हे आधी केलं नाही तर व्हॅलोरंट ‘व्हॅन ९००३’सारखा कोड देऊन बंद होतो आणि मुलं गेमच पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतात.

विंडोज बसवताना नेटवर्कच्या पानावर गाडी थांबली. विंडोज ११ होमला सेटअपमध्ये इंटरनेट हवंच असतं आणि नव्या वाय-फाय चिपचा ड्रायव्हर तिच्या पेनड्राइव्हमध्ये नव्हता. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं, काम झालं. लिनक्सच्या पेनड्राइव्हवर तीच चिप आपोआप ओळखली गेली, याचं भाच्याला फार कौतुक वाटलं.

मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केल्यावर नव्या विंडोज ११मध्ये डिव्हाइस एनक्रिप्शन आपोआप चालू होतं. ही चांगली सोय आहे, पण तिच्याबद्दल कुणी सांगत नाही, आणि बायोस अपडेट झाला किंवा सिक्युअर बूटमध्ये फेरफार झाला की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. मी ती ताईला कागदावर लिहून कपाटात, घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवायला लावली. असेंबल पीसीवर दुसरी सिस्टिम टाकायचा विचार असणाऱ्या प्रत्येकाने हे आधी करावं. की सापडली नाही तर डेटा गेला.

यूट्यूबवर पाहून त्याला ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद करायची होती, एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढतात म्हणून. वाढतात, थोडे, मायक्रोसॉफ्टनेही गेमर्सना तो पर्याय सांगितला आहे आणि खेळून झाल्यावर पुन्हा चालू करा असंही. पण ही सोय कर्नलमध्ये खोटे ड्रायव्हर शिरू नयेत म्हणून आहे, आणि या कार्डावर १४४०पीत त्याला मिळणारा वेग पुरेसा होता. ती चालूच ठेवली. विंडोज ‘हलकी’ करणाऱ्या अनोळखी स्क्रिप्टही चालवल्या नाहीत.

दुसरी एसएसडी

जानेवारीत त्याने साठवलेल्या पैशांतून १ टीबीची दुसरी एसएसडी घेतली. आता लिनक्स कोणतं, हा प्रश्न होता, आणि इथे व्हॅलोरंटने पुन्हा एकदा निवड आखून दिली. सिक्युअर बूट चालूच ठेवायचं होतं, म्हणून ज्या लिनक्सला त्याच्यासोबत सहज राहता येतं तेच चाललं असतं. कॅशीओएससारख्या आर्चवरच्या वितरणात ते जमतं, पण चाव्या स्वतः बनवून सही करावी लागते. लिनक्स मिंट मला फार आवडतं, नवशिक्याला मी नेहमी तेच सुचवतो, मात्र २०२५च्या मध्यात आलेल्या या कार्डाला बराच नवा कर्नल आणि नवी मेसा हवी. मिंटमध्ये त्या सावकाश येतात. उरले फेडोरा आणि तिच्यावर बांधलेलं बझाइट.

आम्ही बझाइट घेतलं. स्टीम आधीच बसवलेलं असतं, सिक्युअर बूटसाठी इन्स्टॉल झाल्यावर एका निळ्या पडद्यावर त्याची चावी एकदा नोंदवायची असते. सर्वांत मोठी गोष्ट अशी, की त्याचं अपडेट संपूर्ण प्रतिमेच्या रूपात येतं आणि बिघडलं तर बूटच्या यादीतून आदली प्रतिमा निवडून परत जाता येतं. परीक्षेच्या आदल्या रात्री ही सोय मोलाची ठरते. सी आणि पायथनच्या अभ्यासासाठी त्याने डिस्ट्रोबॉक्समध्ये (एका लिनक्सच्या आत दुसरं वेगळं ठेवणारी सोय) उबुंटू उघडलं आहे, म्हणजे लॅबमधल्या आज्ञा जशाच्या तशा चालतात आणि मूळ सिस्टिमला हात लागत नाही.

बसवण्याआधी विंडोजची एसएसडी बोर्डवरून काढून ठेवायला मी लावली. हा माझा आग्रहच असतो. दोन्ही सिस्टिम एकाच डिस्कवर, एकाच बूट विभागात राहिल्या की एकीच्या अपडेटचा दुसरीला त्रास होतो. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर अनेकांचं शेजारी बसवलेलं लिनक्स सुरूच होईना, ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ एवढाच संदेश यायचा. डिस्क वेगळ्या ठेवल्याने असं सगळंच टळेल असं नाही, पण प्रत्येकीचा बूट विभाग तिच्या स्वतःच्या डिस्कवर राहतो आणि दुरुस्ती करताना दुसरीला धक्का लागत नाही. चालू करताना फंक्शन की दाबून यादीतून निवडायचं. बाकी मशीन आपलं नेहमीप्रमाणे विंडोजमध्ये जातं, म्हणजे दाजी-ताईंना काही नवीन शिकावं लागत नाही.

दोन बारीक गोष्टी नंतर वर आल्या. लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे दिसायचं. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळाला स्थानिक वेळ मानते आणि लिनक्स जागतिक वेळ, त्यामुळे भारतात फरक बरोबर साडेपाच तासांचा पडतो. लिनक्सला एका आज्ञेने स्थानिक वेळ मानायला सांगितलं की प्रश्न मिटतो. दुसरं, विंडोजच्या डिस्कवरचे स्टीमचे गेम लिनक्समधून चालवायचा मोह टाळावा. एनटीएफएसवर, म्हणजे विंडोजच्या डिस्कच्या रचनेवर, प्रोटॉनच्या फायली नीट बसत नाहीत, गेम मध्येच रुसतात. सायबरपंक आणि एल्डन रिंग त्याने लिनक्सच्या डिस्कवर नव्याने उतरवले. डाउनलोड मोठं आहे, पण फायबर असलेल्या घरात रात्रभरात होतं.

आज मशीन कसं चालतं

व्हॅलोरंट आणि एफसी विंडोजमध्ये, बाकीचं जवळपास सगळं लिनक्समध्ये, अशी विभागणी कुणी न सांगता झाली. एल्डन रिंग लिनक्सवर त्याला जास्त गुळगुळीत वाटतो असं तो म्हणतो. हा गेम निघाला तेव्हा व्हॉल्व्हने प्रोटॉनमध्ये त्याच्या अडखळण्यावर खास काम केलं होतं, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. राजी त्याने आत्याच्या मुलीला दाखवण्यासाठी सुरू केला आणि आता तीच तो खेळते.

टॅलीचा प्रश्न मात्र आम्ही वेगळ्या रीतीने सोडवत आहोत. टॅलीप्राइम विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, नव्या मशीनवर ते सहज चालेल. पण ज्या विंडोजमध्ये एका गेम कंपनीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये बसून असतो आणि एक तरुण मुलगा मित्रांनी पाठवलेल्या लिंक उघडतो, तिथे वर्षाचे हिशेब ठेवावेत असं मला वाटत नाही. व्हॅनगार्डवर माझा काही आरोप नाही; एका मशीनवर किती जणांवर विश्वास ठेवायचा, एवढाच प्रश्न आहे. दाजींचा घरचा जुना पीसी इंटेलच्या चौथ्या पिढीचा आहे, विंडोज ११ त्यावर रीतसर बसत नाही. त्याची विंडोज १० मायक्रोसॉफ्टच्या मुदतवाढ योजनेत नोंदवली आहे, तिचे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत येतील. ३१ मार्चला वर्ष बंद झालं की एखादा जुना पण आठव्या पिढीच्या पुढचा ऑफिस पीसी बघायचा, त्यावर विंडोज ११ आणि फक्त टॅली. जुन्या मशीनवरचं टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करायचं (त्या मशीनवरून सोडवायचं), मग नव्यावर चालू करायचं, आणि डेटाचा बॅकअप त्याआधी दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यायचा. तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचं काम भाच्याने स्वतःकडे घेतलं आहे.